म्हशीचा आवाज कुठं गेला?

व्हिडिओ कॉल लागला की माणूस पहिलं वाक्य कुठलं बोलतो, याचं मला फार कुतूहल. गेली बारा-तेरा वर्षं धंदाच तो आहे, त्यामुळे उत्तर मला पाठ झालंय. नमस्कार नाही, रामराम नाही; पहिलं वाक्य 'ऐकू येतंय का?' वकील असोत, मुख्याध्यापक असोत की परदेशातल्या नातवाचं तोंड बघायला आंघोळ करून बसलेले आजोबा असोत. पलीकडून 'येतंय' आलं की सगळे खूश.

बेळगावात खडेबाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस आहे. मी आणि महांतेश, असे दोघं भागीदार. माझं माहेर खानापूरकडचं, घरी भातशेती आणि गोठा. महांतेश बैलहोंगलचा, घरात कानडी. त्याची मराठी माझ्याशी वाद घालून घालून तयार झालेली आहे, त्यामुळे तिच्यात गोड शब्द कमी. कुणाला आपल्या कामासाठी स्वतःची अशी व्हिडिओ कॉलची सोय हवी असेल तर ती आम्ही बांधून देतो.

बांधून देतो म्हणजे सगळं आम्ही लिहीत नाही. तेवढी अक्कलही नाही आणि आयुष्यही नाही. जगात कुठंतरी बसलेल्या हुशार माणसांनी आवाज आणि चित्र इकडून तिकडे नेणारा प्रोग्राम लिहून ठेवलेला असतो आणि 'घ्या, वापरा, दुरुस्त करा' म्हणून सगळ्यांसाठी उघडा टाकलेला असतो. आमच्या भाषेत ती ओपन सोर्स लायब्ररी. अशा पुष्कळ आहेत, आणि त्यांतली आपल्या कामाला जुळणारी निवडणं हेच आमचं खरं कसब. हे काम म्हणजे स्थळ बघणंच. घराणं कसं, पाठीशी माणसं किती, तक्रार केली तर कुणी उत्तर देतं का, की तीन वर्षांपूर्वीच्या तक्रारी अजून दारात उभ्या आहेत. आणि सगळी चौकशी करूनही नांदायला लागल्यावर काय निघेल ते सांगता येत नाही.

गिऱ्हाइकं एकेक अजब. एका वकीलसाहेबांना असं बटण हवं होतं की ते दाबलं की पक्षकाराचं बोलणं बंद व्हावं, पण त्याला ते कळू नये. मी नाही म्हटलं, तर ते आठवडाभर रुसले. टिळकवाडीतल्या भजनी मंडळाच्या बायकांना आपापल्या घरातून एकत्र आरती म्हणायची होती. त्यांना समजावताना माझी दमछाक झाली. आवाज एका घरातून निघून दुसऱ्या घरात पोचायला क्षणाचा काही भाग लागतोच. बोलताना तो जाणवत नाही, टाळ वाजवताना जाणवतो. सहा घरांतून सहा आरत्या झाल्या, प्रत्येकीला वाटलं बाकीच्या पाचजणी मागं पडतात. शेवटी त्या एकीच्या घरी जमल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यामुळं निदान भेटीगाठी सुरू झाल्या बघा."

पण आज सांगायचंय ते शिंत्रे डॉक्टरांचं काम. ते निपाणीचे, गुरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावरही मोटरसायकलवर गावोगाव फिरणारे. एकदा एका गोठ्याच्या शेणात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी आली आणि फिरणं संपलं. आजूबाजूच्या पाच-सहा गावांची मिळून एक दूधसंस्था आहे. तिच्या लोकांनी ठरवलं की डॉक्टर गोठ्यात येऊ शकत नसतील तर गोठा फोनवरून डॉक्टरांकडे न्यायचा. तीन महिने करून बघायचं, जमलं तर पुढं चालवायचं.

पहिल्या भेटीत डॉक्टर खुर्चीत बसून होते. समोर टेबलावर पितळी घंटी, औषधांच्या बाटल्या आणि एक भलामोठा चुंबक. मी विचारलं, हा कशाला? म्हणाले, "जनावरं चाऱ्यातनं तार, खिळा गिळत्यात. हे पोटात सोडायचं, तार ह्याला चिकटून बसत्या, पुढं काळजाकडं जात न्हाय." मला हे माहीत नव्हतं. गोठ्यात वाढलेली असून माहीत नव्हतं, याची जरा लाज वाटली.

मग ते म्हणाले, "बाई, पाय गेला, त्याचं काय एवढं न्हाय. माझं सगळं काम कानावर चालतंय. जन्मभर अंधाऱ्या गोठ्यात हुबारून ऐकलंय. चित्र हलू दे, फुटू दे. आवाज मात्र स्वच्छ द्या मला. तेवढं केलासा तर अजून धा वर्सं डॉक्टर हाय मी. न्हायतर हाय ह्या खुर्चीतच."

'स्वच्छ' हा त्यांचा शब्द. मी वहीत लिहून घेतला आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

आम्ही तीन लायब्रऱ्या निवडीला घेतल्या. त्यांची खरी नावं सांगून उपयोग नाही, आम्ही त्यांना थोरली, मधली, धाकटी म्हणायचो. थोरली भारदस्त, शंभर कामं जाणणारी, पण हलायला जड. धाकटी सुटसुटीत, वाचायला सुंदर. मात्र तिचा सांभाळ करणारा जगात एकच माणूस, आणि तो मनात येईल तेव्हा उत्तर देणारा. मधली नव्या वळणाची, चटपटीत. खडेबाजारात आम्ही तिन्ही तपासल्या. मी माडीवर, महांतेश खाली दुकानात. "ऐकू येतंय का?" "येतंय." तिघीही पास.

मग निपाणीजवळ, अगदी सीमेला चिकटलेल्या एका गावात सुशीलाक्कांच्या घरी प्रयोग ठेवला. आक्का दूधसंस्थेच्या जुन्या सभासद. एकटीनं घर आणि एक म्हैस सांभाळणारी, तोंडानं फटकळ बाई. त्यांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, फोन लावला, निपाणीत डॉक्टर दिसले, गावकऱ्यांनी माना डोलावल्या. आक्का फोन घेऊन मागच्या गोठ्याकडे निघाल्या आणि उंबऱ्यावरच कॉल मेला. परत सोप्यात आल्या, लागला. गोठ्यात गेल्या, मेला. चार वेळा असं झालं. जमलेल्यांतलं कुणीतरी म्हणालं, "म्हशीची नजर लागत्या." महांतेशला घाम फुटला.

मी चिडले की डोकं चालतं, न चिडता फार कमी. आक्कांचा फोन घेऊन मी सोप्यातून गोठ्यात, गोठ्यातून सोप्यात येरझाऱ्या घालायला लागले. पाचव्या फेरीला फोनवर निरोप उमटला: महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे. मी उभी होते कर्नाटकात, शेणात. सोप्यात फोन अलीकडच्या राज्याचा टॉवर पकडत होता आणि मागची भिंत ओलांडली की पलीकडच्या राज्याचा. टॉवर बदलला की फोनचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो, आणि जुन्या पत्त्यावर निघालेला आवाज दारात उभा राहून परत जातो. आक्का म्हणाल्या, "त्यात काय नवीन? आमी रोज चार डाव म्हाराष्ट्रात जाऊन येताव, धार काढायला." एवढी वर्षं कोर्टात पडलेला प्रश्न आक्कांच्या म्हशीपुरता सुटला होता.

मला त्या दिवशी इतका आनंद झाला की घरी येईपर्यंत मी महांतेशला बोलूच दिलं नाही. ही तपासणी कुठल्याही पुस्तकात नव्हती. आता आमची कसोटी ठरली: सोप्यातून गोठ्यात चालत जायचं आणि कॉल जिवंत राहिला पाहिजे. थोरली मेली की उठायला फार वेळ घ्यायची. धाकटी उठायचीच नाही. मधली मात्र उंबऱ्यावर क्षणभर अडखळायची आणि नव्या पत्त्यावरून पुन्हा बोलायला लागायची.

मधलीचा आणखी एक गुण होता. त्या प्रयोगाच्या वेळी वाटेनं उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्या आणि वर कर्ण्यावर गाणी लावलेली. सोप्यात आम्हाला एकमेकांचं ऐकू येईना, पण निपाणीत डॉक्टरांना फक्त आक्कांचा आवाज गेला, आकाशवाणीच्या स्टुडिओतून बोलावं तसा. मधली माणसाचा आवाज ओळखायला शिकलेली होती. माणसाचं बोलणं तेवढं ठेवायचं आणि बाकी सगळं गाळून टाकायचं. संस्थेच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर म्हणाले, "वा! ह्येला म्हणायचं स्वच्छ." मधली पसंत पडली.

दोन महिने सुरेख गेले. ज्यांच्या गोठ्यात टॉवरचा घोळ नव्हता त्यांनाही आम्ही अभिमानानं चालत जायला लावायचो. डॉक्टर सदऱ्यावर इस्त्री करून बसायचे. एका कासेच्या आजाराचं तर त्यांनी धार फोनजवळ धरायला लावून नुसत्या रंगावरून सांगितलं. या तीन महिन्यांतले कॉल मीही ऑफिसातून ऐकत असे. आवाज किती पोचला, किती वाटेत हरवला, याचे आकडे समोर पडद्यावर असतात. सगळं ठीक असलं की ते हिरवे दिसतात. संस्थेच्या नोंदीसाठी, सगळ्यांना सांगून, प्रत्येक कॉलचं रेकॉर्डिंगही राहत असे.

मग एका सकाळी सुशीलाक्कांचा कॉल आला. म्हैस दोन दिवस खात नव्हती, दूध निम्म्यावर आलं होतं. गोठ्यात रेंज कमी. अशा वेळी मधली चित्राचा बळी देते आणि आवाज राखते. म्हशीच्या जागी राखाडी चौकोन दिसत होते. डॉक्टर शांत होते. म्हणाले, "आक्का, फोन तिच्या नाकाम्होरं खुंटीला अडकवा आणि खांद्यामागं पाठीवर दोन्ही हातानं जोरात चिमटा घ्या." नंतर त्यांनी मला समजावलं ते असं: पोटात तार असली तर या चिमट्यानं जनावर पाठ खाली दबू देत नाही, आणि बारीक, खोलातून कण्हतं. त्या कण्हण्यावर सगळा निवाडा.

आक्कांनी चिमटा घेतला. "कण्हत्या बगा डॉक्टर."

"जरा गप ऱ्हावा आक्का, मला ऐकू दे. परत घ्या."

आक्कांनी परत घेतला. "कण्हत्या की ओ."

"बोलू नका म्हणतोय न्हवं."

तिसऱ्यांदाही तेच झालं. डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते. माझ्यासमोर सगळे आकडे हिरवे होते. डॉक्टर म्हणाले, "न्हाय, कण्हत न्हाय. अपचन हाय. पावडर लिहून देतो, दोन दिवस बघू."

चौथ्या दिवशी म्हैस मेली. सरकारी डॉक्टरांनी फाडून बघितली तर काळजाच्या पिशवीत बोटभर तार. उसाच्या वाड्याची, म्हणजे हिरव्या शेंड्यांची, पेंढी जिनं बांधलेली असते, तसली.

शिंत्रे डॉक्टरांनी संस्थेला चिठ्ठी पाठवली: माझे कान गेले, मी थांबतो. मी फोन केला तर त्यांनी घेतला नाही. त्यांची मुलगी म्हणाली, बाबा बोलत नाहीत, टेबलावरची घंटी वाजवून बघतात आणि ठेवून देतात.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, त्याआधी कुतूहल वाटलं. एवढ्या अनुभवी माणसाचे कान दोन महिन्यांत कसे जातील? मी ते रेकॉर्डिंग काढून ऐकायला बसले. आवाज वाढवून ऐकला, कानाला हेडफोन लावून ऐकला. म्हैस कुठं सापडेना. पुन्हा ऐकला, पुन्हा ऐकला. दुपारी महांतेश डबा उघडत म्हणाला, "सोडा आता. डॉक्टर म्हातारे झालेत." आणि त्याच्या डब्याच्या झाकणाचा आवाज झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला काय खटकत होतं. आक्कांच्या दोन वाक्यांच्या मध्ये काहीच नव्हतं. साखळी वाजत नव्हती, माशी घोंघावत नव्हती, शेपटी अंगावर पडत नव्हती, कुणी श्वास घेत नव्हतं. इतका शांत गोठा मी जन्मात ऐकलेला नाही. गोठा कधी गप्प नसतो.

आम्ही जेवण तसंच ठेवलं आणि मधलीचे नियम पुन्हा वाचले. माणसाचं बोलणं ठेवायचं, बाकी गाळायचं. ट्रॅक्टर बाकीत, कर्णा बाकीत, आणि म्हैसही बाकीत. जिच्यासाठी कॉल लावला होता तिलाच आम्ही दारात अडवून ठेवलं होतं. ते गाळणं बंद करायची सोय होती, एका ओळीची. आम्ही ती बघितलीसुद्धा होती. महांतेश हळू म्हणाला, "हौद री, खरंय. मीच म्हटलं होतं, चालू राहू दे, छान आहे." मी त्याला दोष द्यायला गेले आणि माझ्या वहीतल्या त्या दोन रेघा आठवून थांबले. तिन्ही लायब्रऱ्या आम्ही आमच्या बोलण्यावर तपासल्या होत्या. म्हशीनं बोलून बघावं असं दोघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही. आणि मी तर गोठ्यात वाढलेली.

त्याच आठवड्यात रविवारी मी माहेरी गेले. भावाच्या गोठ्यात चार म्हशी. खूप विनवण्या केल्यावर डॉक्टरांनी निपाणीतून कॉल घेतला, चेहरा उतरलेला. मी काही सांगितलं नाही. गाळणं चालू ठेवून फोन म्हशीच्या तोंडापाशी धरला.

"काय ऐकू येतंय डॉक्टर?"

"काय न्हाय. मला आता काय ऐकू येत न्हाय बाई. कशाला माझी परीक्षा घेतासा?"

मी ती एक ओळ बदलून कॉल पुन्हा लावला आणि फोन तिथंच धरला. पलीकडे डॉक्टर पुढं वाकले. कान पडद्यापाशी आणला.

"रवंथ करालीया," ते म्हणाले. "डाव्या अंगाच्या दातानं. आणि मागं कुटंतरी वासरू हाय, त्येला सर्दी हाय."

भाऊ हसायला लागला. वासराला खरंच सर्दी होती. मला रडू फुटलं, ते मी लपवलं नाही. मी सगळं सांगितलं. कान तुमचे शाबूत आहेत, चूक आमची आहे, आम्ही तिचा आवाज गाळून टाकत होतो. मला वाटलं ते खूश होतील. त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग बघता बघता काळवंडला.

"म्हंजी त्या दिवशी ती कण्हली हुती?"

"हो डॉक्टर."

"चुंबकानं वाचली असती. न्हायतर पोट उघडून तार काढली असती." मग काठी हाताशी ओढत म्हणाले, "आक्काला सांगाय पायजे. फोनवर न्हाय. गाडी आणा, मीबी येतो."

आम्ही तिघं गेलो. डॉक्टर काठी टेकत सोप्यात बसले. गोठा मागं रिकामा होता. आक्कांनी तो झाडून स्वच्छ ठेवला होता. चहा झाला. मग मी सांगायला सुरुवात केली. लायब्ररी म्हणजे काय, ती माणसाचा आवाज कसा ओळखते, बाकीचे आवाज का गाळते, म्हशीचं कण्हणं डॉक्टरांपर्यंत का पोचलं नाही. मला वाटतं मी नीट समजावलं, कारण आक्कांनी मध्ये एकदाही 'म्हंजी काय' विचारलं नाही. मी माफी मागितली. महांतेशनंही मागितली.

आक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"मशिननं म्हशीचा आवाज खाल्ला म्हणतासा," त्या म्हणाल्या. "खाल्ला आसंल. मुकं जनावर, त्येचं कोण ऐकतंय. पर माणसाचा आवाज जातोय म्हणतासा न्हवं त्यातनं? स्वच्छ?"

"हो आक्का."

"मग मी तीन डाव सांगितलं, कण्हत्या म्हणून. ते का न्हाय ऐकलासा?"

डॉक्टर काठीवर हनुवटी टेकून जमिनीकडे बघत राहिले. आक्कांचा आवाज त्या रेकॉर्डिंगमध्ये खरंच लख्ख आहे, तिन्ही वेळा, एक अक्षर हरवलेलं नाही. मी ते अकरा वेळा ऐकलं होतं, आणि अकराही वेळा म्हैस शोधत होते.